सकाळी अंग आखडतं? सुटायला किती वेळ लागतो ते बघा

अबोली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरात. "सकाळी उठलं की अंग जखडलेलं असतं, कामाला लागलं की सुटतं" हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा दिवस जात नाही. सांगणारा कधी सत्तरीचा असतो, कधी पंचविशीचा. बहुतेकांनी कारणही ठरवून आणलेलं असतं: वय झालं, वात आहे, थंडी पडली, गादी बसली. त्यातलं एखादं खरंही निघतं. पण माझा पहिला प्रश्न "कुठे दुखतं" हा नसतोच. "उठल्यापासून सुटेपर्यंत किती वेळ जातो?" हा असतो. त्याचं उत्तर फार थोड्यांकडे तयार असतं, म्हणून हा धागा काढतेय.

आधी निरोगी माणसाचं बघू, कारण थोडं आखडणं सगळ्यांनाच होतं. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते वंगण आतबाहेर खेळतं ते हालचालीमुळे. वजन पडलं की पिळून बाहेर, वजन निघालं की परत आत. सहासात तास सांधा एका जागी राहिला की ही ये-जा थंडावते. त्यात हे वंगण स्थिर असताना दाट असतं आणि हलवलं की पातळ होतं. स्नायूंचंही असंच आहे. बराच वेळ न हललेल्या स्नायूतले प्रथिनांचे तंतू एकमेकांना धरून बसतात, पहिल्या ताणाला विरोध करतात आणि दोनचार हालचालींत सोडतात. उठल्यावर आळोखेपिळोखे द्यावेसे वाटतात ते उगाच नाही.

कमरेचं गणित मात्र वेगळं आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषतात. रात्री भिजत घातलेला हरभरा सकाळी टम्म होतो, तशा त्या फुगतात. त्यामुळे सकाळी आपली उंची झोपायच्या वेळेपेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त असते. उभं राहिल्यावर पाणी हळूहळू बाहेर पडतं, आणि दिवसभरात जेवढी उंची कमी होते त्यातली जवळजवळ निम्मी पहिल्या तासाभरातच जाते. तोपर्यंत चकती टणक असते आणि कमरेतून वाकलं की तिच्यावर आणि मागच्या अस्थिबंधांवर येणारा ताण दुपारपेक्षा कितीतरी जास्त असतो. १९९८ साली स्टोव्हर स्नूक यांच्या गटाने अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या लोकांवर एक साधा प्रयोग केला. सकाळी उठल्यावर पहिले दोन तास कमरेतून पुढे वाकायचं टाळा, एवढंच त्यांना शिकवलं. दुखण्याचे दिवस कमी झाले.

आता आपल्या सकाळी बघा. पाणी पहाटे येतं, ते तासाभरात जातं. बाई अंथरुणातून उठते ती थेट नळावर. वाकून भरलेली घागर उचलते, बादली ओढते, मग वाकूनच झाडू, वाकूनच सडा. कमरेला सगळ्यात वाईट वेळ कुठली, तर नेमकी हीच. पाण्याची वेळ आपल्या हातात नाही, हे मला कळतं. पण घागर पूर्ण न भरता दोन खेपा करता येतात, नळाखाली उंच स्टूल ठेवता येतो, गुडघ्यात वाकून उचलता येतं, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी उठवता येतं. हे शेवटचं मी प्रत्येक घरच्या पुरुषाला तोंडावर सांगते.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनाही हेच. उठल्या उठल्या पादहस्तासन नको. आधी अर्धा-पाऊण तास घरात वावरा, चालून या, मग घाला.

आता मिनिटांकडे. अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल आणि दुपारी बराच वेळ बसून उठल्यावर परत थोडं आखडत असेल, तर बहुधा झीज. तासभर किंवा त्याहून जास्त टिकत असेल, बोटांची मूठ वळत नसेल, सांधा सुजलेला किंवा गरम लागत असेल, तर तो दाह आहे. त्यासाठी तेल, गादी, व्यायाम यांत वेळ घालवू नका, डॉक्टरकडे जा.

वेळ मोजायची कशी? घड्याळ बघून कुणी दुखत नाही. माझ्याकडे विडी कामगार बायका येतात, त्यांना मी विचारते, "सूप मांडीवर घेतल्यावर पहिली विडी नीट वळेपर्यंत किती वेळ जातो?" त्या चटकन सांगतात. तुम्ही तुमचं काम धरा: शर्टाचं बटण, कुकरचं झाकण, दुधाची पिशवी.

तुमचे अनुभव लिहा. माझ्या आवाक्यातलं मी सांगेन, बाकीचं इथले डॉक्टर सांगतील.

कृष्णाकाठ

उत्तम धागा, अबोलीताई. वाचनखूण साठवली.

मी वाईचा, निवृत्त शिक्षक, वय ६८. उजवा गुडघा. पलंगावरून उतरल्यावर पहिली पावलं भिंत धरून टाकतो, चहा होईपर्यंत मोकळा होतो. दुपारी पेपर वाचून उठलो की परत तेच. म्हणजे तुम्ही सांगितलेली झीजच. ऑर्थोपेडिकवाल्यांनीही एक्स-रे बघून तेच सांगितलंय.

प्रश्न दोन. चालण्याने झीज वाढते म्हणून चालू नका, असं आमच्या कट्ट्यावरचे निम्मे लोक सांगतात. आणि आमच्या वडिलांचा दंडक होता, पाठीला फळीच हवी. मऊ गादीने कणा बिघडतो हे कितपत खरं?

अबोली

काका, चाला. कूर्चेला पोषण हालचालीतूनच मिळतं, त्यामुळे गुडघा जपायचा म्हणून बसून राहिलात तर तो आणखी आखडतो आणि मांडीचा स्नायू वाळतो. गुडघ्याचा खरा आधार तो स्नायू आहे. सकाळी पाय खाली टाकायच्या आधी पलंगाच्या कडेला बसा, पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट आवळून मनात पाच आकडे मोजा, सोडा. दोन्ही पायांनी आलटून पालटून दहादहा वेळा. मग उभे राहा. पहिलं पाऊल बदललेलं तुम्हालाच जाणवेल. उतरण, जिने, मांडी घालून बसणं यांनी त्रास होत असेल तर ते कमी करा, सपाटीवरचं चालणं मात्र सोडू नका.

फळीबद्दल: स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम कडक. मध्यमवाल्यांची कंबर जास्त सुधारली. खड्डा पडलेली गादी वाईटच, पण फळीचीही गरज नाही. कुशीवर झोपत असाल तर दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या.

भटका_मावळा

माझा प्रश्न तरुण मंडळींचा आहे. कळसूबाई करून आलो. त्या दिवशी काही नाही, रात्री मस्त झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या भरून आलेल्या, जिना उतरताना कठडा धरावा लागला. तिसऱ्या दिवशी आणखी जास्त. ग्रुपवर सगळे म्हणतात लॅक्टिक ॲसिड साचलं, लिंबूपाणी पी. खरंय का?

अबोली

लॅक्टिक ॲसिडचा यात हात नाही. व्यायाम थांबल्यावर ते तासाभरात रक्तातून निवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत राहतच नाही.

हे चढण्यापेक्षा उतरण्यामुळे होतं. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी शरीराला आवर घालायला आकुंचनही पावत असतो. या ओढाताणीत त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, मग दुरुस्तीसाठी तिथे थोडी सूज येते. ती यायला वेळ लागतो, म्हणून दुखणं एका दिवसाने सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि आठवड्याभरात जातं. हलकं चालत राहा, झोप घ्या. त्याच उताराला महिन्याभरात परत गेलात तर दुखणं बरंच कमी असेल, कारण स्नायू शिकलेला असतो. ट्रेकच्या आधी काही आठवडे जिने उतरायचा सराव करा. बहुतेक जण फक्त चढायचा करतात.

एकच धोक्याची खूण: भयंकर दुखणं, स्नायू सुजलेले आणि लघवी काळ्या चहासारखी गडद. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर आलं की असं होतं. मग घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

मृद्गंध

हा धागा दोन वर्षांपूर्वी वाचायला मिळायला हवा होता, असं फार वाटलं. मी ३३ वर्षांची. मुलगी काही महिन्यांची असताना सुरू झालं. सकाळी तिच्या झबल्याचे बंद बांधता येत नसत. बोटं जाड वाटायची, मूठ अर्धीच व्हायची. अंगठी सकाळी निघायची नाही, दुपारी सैल. गरम पाण्यात हात धरून बसले की कसंबसं अकराच्या सुमाराला सुटायचं.

घरात सगळ्यांनी सांगितलं, बाळंतपणात वारा लागला, शेक-शेगडी नीट झाली नाही. आमच्या गावातल्या एका दवाखान्यात युरिक ॲसिड तपासलं, ते किंचित जास्त आलं. मग डाळी बंद, टोमॅटो बंद, गोळी सुरू. बाळाला अंगावर पाजत असताना माझं वरण बंद! कित्येक महिने तसेच गेले. दोन्ही हात सारखेच दुखताहेत, दोन्ही पायांचे तळवेही दुखताहेत, हे माझ्या नणंदेने हेरलं आणि तिने मला पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. अँटी-सीसीपी तपासणी आली आणि निदान झालं, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात.

आता औषधं चालू आहेत. सकाळी कणीक मळते. पण ज्या बायका आत्ता "बाळंतवात" म्हणून गप्प बसल्या असतील, त्यांनी कृपा करून मिनिटं मोजा आणि जा.

संधिमित्र

मृद्गंध, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी संधिवाततज्ज्ञ आहे, ओपीडीत हीच कहाणी वेगवेगळ्या गावांच्या नावांनी ऐकतो.

बाळंतपणानंतरचे महिने हा ऱ्हुमॅटॉइड सुरू होण्याचा ओळखीचा काळ आहे. गरोदरपणात प्रतिकारयंत्रणा थोडी शांत असते, नंतर ती परत उसळते. त्यामुळे बाळंतिणीचे सांधे सुजले तर ते वाऱ्यावर ढकलू नये.

ही सकाळच का, हे सांगतो. दाह भडकवणारी रसायनं, विशेषतः इंटरल्यूकिन-६, या रुग्णांच्या रक्तात मध्यरात्रीनंतर वाढत जातात आणि पहाटेच्या सुमाराला कळसाला पोचतात. दाह आवरणारं शरीराचं स्वतःचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, रात्री सगळ्यात कमी असतं आणि जाग येण्याच्या सुमाराला वर जातं. म्हणजे मधले काही तास आग लावणारे हजर आणि विझवणारा गैरहजर. शिवाय रात्रभर हालचाल नसल्याने सांध्याच्या सुजलेल्या अस्तराभोवतीचं पाणी उपसलं जात नाही, ते तिथेच साचतं. तुमची अंगठी सकाळी अडकायची ती यामुळे. या घड्याळावर बेतलेला एक प्रयोग २००८ साली युरोपात झाला: रात्री झोपताना घ्यायची पण पोटात पहाटे दोनच्या सुमाराला सुटणारी प्रेडनिसोन या स्टेरॉइडची गोळी. तेवढीच मात्रा सकाळी घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचं सकाळचं आखडणं जास्त कमी झालं.

युरिक ॲसिडबद्दल जरा ठासून सांगतो. सांधा दुखला की युरिक ॲसिड तपासायचं आणि थोडं जास्त आलं की डाळी तोडायच्या, ही आपल्याकडची रूढ चूक आहे. गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारा संधिवात, असा हळूहळू रोज सकाळी येत नाही. तो एकदम येतो, बऱ्याचदा रात्री, पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, लालभडक, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही असा. नुसतं रक्तातलं युरिक ॲसिड वाढलेलं असणं म्हणजे गाउट नव्हे. डाळींनी गाउट होतो असंही नाही. शाकाहारी माणसाची डाळ बंद करणं म्हणजे त्याचं प्रथिन काढून घेणं.

उलट बाजूनेही सांगतो. ऱ्हुमॅटॉइडसाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे रोग आहेच असं नाही, काही धडधाकट माणसांतही तो सापडतो. आणि निगेटिव्ह आला म्हणून रोग नाही असंही नाही. निदान हात लावून होतं. घरी करता येईल अशी एक खूण: बोटं जिथे तळहाताला मिळतात त्या गाठींच्या ओळीला दुसऱ्या हाताने बाजूंनी हलकेच दाबा, हस्तांदोलनात दाबतो तसं. त्याने जीव कळवळला तर दाखवून घ्या. बोटांच्या अगदी टोकाचे सांधे, नखाजवळचे, गाठाळले असतील तर ती बहुधा झीज असते. ऱ्हुमॅटॉइड ते सांधे सहसा सोडून देतो.

भिगवणचं नाव पक्षी बघायला जाणाऱ्यांना माहीत असतं. त्याच भिगवणमध्ये १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्यातल्या केंद्राने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. प्रौढांपैकी साधारण १८ टक्के लोकांना हाडांसांध्यांची काही ना काही तक्रार होती आणि साधारण अर्ध्या टक्क्याला ऱ्हुमॅटॉइड. अर्धा टक्का ऐकायला लहान वाटतो. हजार प्रौढांच्या गावात पाच माणसं, बहुतेक बायका.

कृष्णाकाठ

डॉक्टर, आमच्या भागात एक पुडी मिळते. चार दिवसांत सांधे मोकळे होतात म्हणून लोक एसटीने लांबून येतात. जडीबुटी आहे म्हणतात.

संधिमित्र

काका, चार दिवसांत मोकळे होत असतील तर मला आधी स्टेरॉइडचा संशय येतो. अशा पुड्यांमध्ये तपासणीत ते सापडलेलं आहे.

स्टेरॉइडचा हा परिणाम जगाने पहिल्यांदा पाहिला तो १९४८ साली, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये. फिलिप हेंच यांनी ऱ्हुमॅटॉइडने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचलं आणि ती थोड्याच दिवसांत चालायला लागली. १९५० साली त्या कामाला नोबेल मिळालं. पण लवकरच दुसरी बाजू दिसली: साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, चेहरा सुजणं, जंतुसंसर्ग. आम्हीही स्टेरॉइड देतो, पण मोजून, कमीत कमी काळ, मूळ औषधाचा परिणाम दिसेपर्यंत. पुडीतलं प्रमाण कुणाला माहीत नसतं, आणि ती एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. ज्यांची चालू आहे त्यांनी स्वतःहून न तोडता पुडीसकट डॉक्टरकडे जावं.

ऱ्हुमॅटॉइडच्या मूळ औषधाबद्दल एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करावी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात पडून ते रोज घेतलं गेलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घसरतात, जीव जाऊ शकतो. वार ठरवा, कॅलेंडरवर लाल खूण करा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो वार माहीत असू द्या.

मृद्गंध

आमचा रविवार. नवऱ्याच्या मोबाइलवरही गजर लावलेला आहे. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिडची गोळी. आणि बायकांसाठी: हे औषध सुरू करण्याआधी मला अंगावर पाजणं थांबवावं लागलं, आणि पुढच्या बाळाचा विचार करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून ते बंद करावं लागतं. हे विचारायला लाजू नका.

रानवैद्य

मी आयुर्वेदाचा चिकित्सक. वर तेलाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. सांधा दुखला की तेल चोळायचं हे घराघरात बसलंय. पण आयुर्वेदात आमवात वेगळा सांगितला आहे. सांधा सुजलेला, जड, गरम, अंगात कसकस, तोंडाला चव नाही, अशा अवस्थेत तेल चोळू नये असंच आमचं शास्त्र सांगतं. तिथे कोरडा शेक, तापवलेल्या वाळूची पुरचुंडी. तीळतेलाचं अभ्यंग नुसत्या झिजेच्या, कोरड्या, कटकट वाजणाऱ्या गुडघ्याला बरं. माझ्याकडे सुजलेली बोटं घेऊन कुणी आलं तर मीही रक्ततपासणी करायला सांगतो आणि संधिवाततज्ज्ञांकडची औषधं बंद करू देत नाही.

अबोली

वैद्यराज, मनापासून आभार. सुजलेल्या सांध्यावर जोर लावून मालिश केल्याने बिघडलेल्या केसेस मी पाहते. झिजेच्या गुडघ्याला आंघोळीआधी कोमट तेल आणि मग गरम पाणी, याला माझी काहीच हरकत नाही. ऊब मिळाली की स्नायू सैल पडतात. दिवाळीच्या अभ्यंगाला पहाटे हेच तर करतो आपण, थंडी सुरू होता होता.

इंद्रायणी

पुणे. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत घरटी एक चिकनगुनिया होता. ताप चार दिवसांत गेला, पण मनगटं आणि घोटे सकाळी अजून बोलतात. पहिले काही महिने तर ब्रश धरवत नव्हता. हा कायमचा संधिवात झाला का?

संधिमित्र

बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. काहींचा वर्षभर आणि त्याहूनही पुढे रेंगाळतो, विशेषतः चाळिशीपुढच्यांचा आणि ज्यांना आधीपासून सांध्याचा त्रास आहे त्यांचा. हा विषाणू आपल्याकडे जुनाच आहे. १९७३ साली बार्शीला साथ आली होती, मग बरीच वर्षं शांत राहून २००६ मध्ये राज्यभर पसरला. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले असतील आणि सकाळी तासभर आखडत असतील तर "चिकनगुनियाचंच आहे" म्हणून सोडू नका. कधीकधी त्या पाठोपाठ ऱ्हुमॅटॉइडसारखा दाह मागे राहतो आणि त्याला तशीच औषधं लागतात. सूज नसेल, नुसतं दुखणं असेल, तर हालचाल, ऊब आणि धीर.

नीलमोहर

वय २८, आयटी, हिंजवडी. माझं सगळ्यांपेक्षा उलटं आहे. झोपलो की बिघडतं. पहाटे तीन-चारला कंबर आणि कुल्ल्याच्या आतल्या दुखण्याने जाग येते, उठून हॉलमध्ये फेऱ्या मारतो, मग बरं वाटतं. सकाळी सॉक्स घालायला पाऊण तास थांबतो. जिमला गेलो की चकाचक. रविवारी उशिरापर्यंत लोळलो की दिवसभर हाल. एक्स-रे नॉर्मल. खुर्ची बदलली, स्टँडिंग डेस्क घेतलं. दोन ठिकाणी सांगितलं, बसून काम करणाऱ्या सगळ्यांना होतं.

अबोली

नील, चकतीची किंवा स्नायूची कंबरदुखी विश्रांतीने बरी वाटते आणि कामाने वाढते. तुमची विश्रांतीने वाढते आणि व्यायामाने कमी होते. हे एकच वाक्य डॉक्टरांना असंच्या असं सांगा. संधिमित्र, बघाल का?

संधिमित्र

बघतो. नील, चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, तीन महिन्यांच्या वर टिकलेली, उत्तररात्री उठवणारी आणि हालचालीने सुटणारी कंबरदुखी म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या, म्हणजे कण्याच्या संधिवाताच्या, कुळातला दाह असू शकतो. सुरुवातीची काही वर्षं एक्स-रे नॉर्मल राहू शकतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीचे दोन्ही बाजूंचे सांधे, म्हणजे सेक्रोइलिॲक सांधे, यांचा एमआरआय लागतो. नुसत्या कमरेच्या मणक्यांचा काढला तर ते निसटू शकतात. एचएलए-बी२७ ही जनुकाची रक्ततपासणी मदत करते, पण ती पॉझिटिव्ह असलेली कित्येक माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात. कधी डोळा लाल होऊन उजेड सहन होईनासा झाला होता का? टाचेला मागून दुखतं का? सोरायसिस, जुनाट पोटाच्या तक्रारी? जाताना हे सगळं सांगा. जिम सोडू नका, पोहायला मिळालं तर फारच उत्तम. सिगारेट असेल तर बंद.

नीलमोहर

दोन वर्षांपूर्वी डोळा लाल झाला होता! ड्रॉप्स घेऊन बरा झाला. कंबरेशी त्याचा संबंध असेल असं कुणी म्हटलं नव्हतं. या आठवड्यात अपॉइंटमेंट घेतो. धन्यवाद, डॉक्टर, अबोलीताई.

अबोली

व्यक्तिगत निरोपांतून बरेच प्रश्न आले, त्यांचं एकत्र लिहिते.

पहिलं पाऊल टाकताना टाचेत खिळा टोचल्यागत होत असेल तर तो तळपायाच्या पट्ट्याचा त्रास. उठण्याआधी पायाचा अंगठा हाताने आपल्याकडे ओढून तळवा ताणा, घरात अनवाणी चालू नका. सगळं अंग जड, थकवा, वजन वाढतंय, थंडी जास्त वाजते: थायरॉइड तपासा. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाल्यापासून मांड्या-दंड दुखत असतील तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सकाळी सांधे आखडतात, त्यावर उपाय असतात, म्हणून गोळी सोडू नका. पाळी जाण्याच्या सुमारालाही कित्येकींचे सांधे धरतात. "मनाचं आहे" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, इस्ट्रोजेन कमी होण्याचा तो परिणाम असू शकतो.

मधुमेहींनी एक गोष्ट आज देवापुढे उभं राहिल्यावर बघा. नमस्कार करताना दोन्ही तळवे आणि बोटं पूर्ण टेकतात का? बोटांमध्ये फट राहत असेल, कितीही दाबलं तरी मिटत नसेल, तर वाढलेल्या साखरेने हाताची त्वचा आणि स्नायुबंध आखडलेत. खांदा धरणं आणि सकाळी बोट वाकून अडकणं, मग टचकन सुटणं, हेही मधुमेहींमध्ये जास्त. तळव्यांची ही फट दिसली तर डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडाची तपासणीही करून घ्या.

सोनचाफा

मिनेसोटाहून लिहितेय. आई आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलीय, वय ७२. महिन्याभरापासून दोन्ही खांदे आणि मांड्यांचा वरचा भाग. सकाळी कूस बदलवत नाही, वेणी घालायला हात वर जात नाहीत, मी घालून देते. अकरानंतर जरा बरी. तिला वाटतंय इथली थंडी बाधली. हाताची बोटं मात्र ठीक आहेत. प्रवासविमा फार काही देत नाही, म्हणून ती "परत गेल्यावर बघू" म्हणते.

संधिमित्र

सोनचाफा, थांबू नका. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि नितंब असे अचानक आखडणं आणि ते पाऊण तासापेक्षा जास्त टिकणं, यात पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका हा विकार आधी मनात येतो. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या दोन साध्या रक्ततपासण्या करून घ्या. निदान तेच असेल तर कमी मात्रेतल्या स्टेरॉइडने काही दिवसांतच मोठा फरक पडतो.

आणि आजच आईला विचारा: कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी आहे का? केस विंचरताना टाळू दुखते का? चावताना जबडा भरून येतो का? नजर क्षणभर अंधारते किंवा दोन-दोन दिसतं का? यातलं एक जरी "हो" असेल तर विम्याचा विचार न करता थेट इमर्जन्सी. याच विकाराबरोबर डोक्याच्या रक्तवाहिन्यांचा दाह होऊ शकतो आणि त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते.

सोनचाफा

विचारलं. डोकं, जबडा, नजर, काहीच नाही. उद्याची वेळ मिळाली आहे, कळवते.

सोनचाफा

उशीर झाला कळवायला. ईएसआर बराच वाढलेला होता. तुम्ही म्हणालात तेच निदान. प्रेडनिसोन सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी ती स्वतः वेणी घालून स्वयंपाकघरात आली. आता पुढच्या महिन्यात ती नाशिकला परत जातेय. तिथे काय लक्षात ठेवायचं?

संधिमित्र

फार छान झालं. गोळी एकदम बंद करायची नाही, बरं वाटलं तरी नाही. मात्रा महिनोन्महिने हळूहळू उतरवावी लागते, बहुधा वर्षभर तरी. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. अमेरिकेतले रिपोर्ट आणि मात्रेचा तक्ता छापून बरोबर द्या. नाशिकला पोचल्यावर लगेच संधिवाततज्ज्ञ किंवा फिजिशियन गाठा, साखर आणि रक्तदाब बघा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू आहे का ते विचारा, हाडांची घनता तपासून घ्या. उतरवताना एखाद्या मात्रेवर खांदे परत धरले तर मात्रा आपली आपण वाढवू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. आणि मघाशी विचारलेले ते चार प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा. मात्रा कमी होत असतानाही ती लक्षणं उद्भवू शकतात.